लंडनमध्ये हौशी फुटबॉल : मैदान कोठे, संघ कसा मिळवावा?

शिक्षण वा नोकरीच्या निमित्ताने लंडनला जाणाऱ्या मराठी तरुणांना निवास, बँकेतील खाते, प्रवासाचे कार्ड या गोष्टींची माहिती बहुधा आधीच मिळालेली असते. पहिले काही आठवडे त्या धावपळीत निघून जातात. त्यानंतर एखाद्या रविवारी सकाळी वेळ मोकळा असतो आणि ट्रंकेत सोबत आणलेले फुटबॉलचे बूट दिसतात. आपल्याकडे मैदानावर कोणी ना कोणी ओळखीचे भेटते. कोल्हापुरात तर तालमीच्या नावानेच संघ असतो आणि त्या पेठेतला मुलगा आपोआप त्या संघाचा होतो. सुमारे नव्वद लाख लोकवस्तीच्या परक्या शहरात मात्र खेळायचे कोठे आणि कोणाबरोबर, असा प्रश्न उभा राहतो.

लंडनमध्ये मैदानांची वाण नाही. अडचण असते ती मैदानाची वेळ आणि सोबतचे खेळाडू मिळण्याची. तेथील हौशी फुटबॉल साधारणतः चार प्रकारच्या जागी चालतो : उद्याने व मोकळी माळराने, वस्त्यांमधील कुंपणबंद छोटी मैदाने, भाड्याने मिळणारी कृत्रिम हिरवळीची मैदाने आणि नोंदणीकृत लीगचे सामने होणारी पूर्ण आकाराची मैदाने. प्रत्येक ठिकाणचे नियम, खर्च आणि शिष्टाचार वेगळे आहेत. ते ध्यानात घेतल्यास नवख्या माणसाचे बरेच हेलपाटे वाचतात.

थोडी पूर्वपीठिका

आधुनिक फुटबॉलची नियमावली ज्या शहरात आकाराला आली, ते हेच शहर. २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनच्या ग्रेट क्वीन स्ट्रीटवरील फ्रीमेसन्स टॅव्हर्न येथे झालेल्या बैठकीत फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली. पुढे राजधानीसाठी लंडन फुटबॉल असोसिएशन, तर हौशी खेळाची परंपरा जपण्यासाठी १९०७ मध्ये आज अ‍ॅमॅच्युअर फुटबॉल अलायन्स या नावाने ओळखली जाणारी संस्था निघाली. हौशी आणि व्यावसायिक हा औपचारिक भेद फुटबॉल असोसिएशनने १९७४ मध्ये रद्द केला. आज 'हौशी' म्हणजे खेळाचा मोबदला न घेता, उलट पदरचे पैसे भरून खेळणारा, असाच अर्थ राहिला आहे.

रविवारच्या सामन्यांमागेही इतिहास आहे. रविवार हा प्रार्थनेचा दिवस म्हणून त्या दिवशीच्या फुटबॉलला असोसिएशनची दीर्घकाळ मान्यता नव्हती. परंतु शनिवारीही कामावर जावे लागणाऱ्या कष्टकऱ्यांना मोकळा दिवस तेवढाच होता. त्यांनी मान्यतेविना खेळ चालू ठेवला आणि अखेर संघटनेला धोरण बदलावे लागले. रविवारच्या संघांसाठी राष्ट्रीय चषक स्पर्धा १९६४-६५ च्या हंगामात सुरू झाली. त्यामुळे आज लंडनमध्ये शनिवारी दुपारचे आणि रविवारी सकाळचे, असे हौशी फुटबॉलचे दोन स्वतंत्र संसार नांदतात. कित्येक खेळाडू दोन्हींकडे वेगवेगळ्या संघांतून खेळतात.

मोकळी माळराने आणि उद्याने

पूर्व लंडनमधील हॅकनी मार्शेस हे हौशी फुटबॉलचे जणू तीर्थक्षेत्र. ली नदीकाठची ही पाणथळ जमीन १८९० च्या दशकात लोकांच्या वापरासाठी घेतली गेली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन बॉम्बफेकीने कोसळलेल्या इमारतींचा राडारोडा येथे पसरून जमिनीची पातळी उंचावण्यात आली आणि त्या सपाट पृष्ठभागावर फुटबॉलची मैदाने आखली गेली. एके काळी त्यांची संख्या शंभराहून अधिक होती. नंतर ती घटली, तरीही रविवारी सकाळी एकमेकांना लागून अनेक सामने चाललेले दिसतात. आझाद मैदानावर एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या यष्ट्यांजवळ उभा असलेला पाहण्याची सवय असलेल्या मुंबईकराला हे दृश्य परके वाटणार नाही. होमर्टन किंवा लेटन स्थानकावरून तेथे जाता येते.

त्याच बाजूला वॉन्स्टेड फ्लॅट्स हे विस्तीर्ण माळरान आहे. १८७८ च्या एपिंग फॉरेस्ट कायद्याने ही जमीन कुंपणापासून वाचली आणि तिची देखभाल सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनकडे आली. फॉरेस्ट गेट व मॅनोर पार्क ही एलिझाबेथ मार्गिकेवरील स्थानके जवळ आहेत. येथे जमिनीवर घरटी करणाऱ्या चंडोल पक्ष्यांसाठी विणीच्या काळात काही भाग बंद ठेवला जातो. त्या कुंपणाचा मान राखणे हा खेळाडूंच्या शिस्तीचाच भाग मानला जातो.

पश्चिम लंडनमध्ये वर्मवुड स्क्रब्ज आहे. १८७९ च्या स्वतंत्र कायद्याने ही जागा लष्करी कवायतीसाठी आणि महानगरातील रहिवाशांच्या व्यायाम व करमणुकीसाठी राखून ठेवण्यात आली. दक्षिणेस क्लॅपहॅम कॉमन, उत्तरेस हॅम्पस्टेड हीथच्या पायथ्याशी पार्लमेंट हिल, पूर्वेस व्हिक्टोरिया पार्क ही आणखी काही परिचित ठिकाणे. मध्यवर्ती भागात रीजेंट्स पार्कमधील 'द हब' हे २००५ मध्ये सुरू झालेले क्रीडा केंद्र असून तेथील मैदाने शुल्क भरून आरक्षित करावी लागतात. वायव्येकडे, १९३२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळ लंडनची वास्तू ज्या डॉलिस हिल भागात आहे, तेथे ग्लॅडस्टन पार्कमध्येही मैदाने आहेत. मंडळाच्या कार्यक्रमाला जाणाऱ्यांना ते पाहून ठेवता येईल.

येथे एक फरक समजून घ्यावा. उद्यानाच्या मोकळ्या गवतावर चारदोन मित्रांनी जाकिटांचे गोलखांब करून खेळण्यास बहुतेक ठिकाणी हरकत नसते. मात्र चुन्याच्या रेषा आखलेले आणि गोलखांब असलेले मैदान रिकामे दिसले, म्हणून त्यावर सामना सुरू करू नये. ते कोणीतरी पैसे भरून घेतलेले असते. लंडनमध्ये ३२ बरो, म्हणजे स्थानिक परिषदा, आणि त्यांशिवाय सिटी ऑफ लंडन अशी ३३ प्रशासने आहेत. मैदान ज्याच्या ताब्यात, त्याच्याकडेच आरक्षण करावे लागते. संपूर्ण शहरासाठी एकच खिडकी नाही. हंगामभराचे आरक्षण करणाऱ्या संघांना सहसा अग्रक्रम मिळतो. त्यामुळे सप्टेंबरमध्ये पोहोचून लगेच रविवार सकाळचे मैदान मिळेल, अशी अपेक्षा बाळगू नये.

वस्तीतील 'केज'

लंडनच्या सरकारी व धर्मादाय गृहवसाहतींमध्ये उंच जाळीने वेढलेली डांबरी वा काँक्रीटची छोटी मैदाने असतात. बोलीभाषेत त्यांना 'केज', अर्थात पिंजरा म्हणतात. केनिंग्टन भागात वाढलेला जेडन सँचो याच्यासारखे आंतरराष्ट्रीय खेळाडू अशा पिंजऱ्यांत घडले. जागा अपुरी आणि चेंडू बाहेर जाण्याची सोय नाही. त्यामुळे चेंडूवरील ताबा आणि चटकन हुलकावणी देण्याची कला येथे सहज अंगी बाणते.

ही मैदाने विनाशुल्क असली, तरी ती त्या वसाहतीतील मुलांची हक्काची जागा आहे. तेथे जाऊन थेट चेंडू मागणे बरे दिसत नाही. कडेला उभे राहून 'पुढच्या डावात घ्याल का' असे विचारावे आणि आपली पाळी येईपर्यंत थांबावे. जिंकणारा संघ मैदानात राहतो आणि हरणारा बाहेर जातो, ही पद्धत बऱ्याच ठिकाणी चालते. आपल्या गल्लीतील रिवाज याहून फार वेगळा नाही.

भाड्याची मैदाने आणि पाच जणांचे सामने

नवख्या माणसासाठी सर्वांत सोपी वाट येथूनच जाते. पाच किंवा सात खेळाडूंचे सामने कृत्रिम हिरवळीवर, संध्याकाळी प्रकाशझोतात खेळले जातात. पॉवरलीग व गोल्स या कंपन्यांची अशी केंद्रे आहेत. त्याखेरीज स्थानिक परिषदा, शाळा व क्रीडा न्यासही आपली मैदाने तासाच्या भाड्याने देतात. इझलिंग्टनमधील मार्केट रोड, मैडा व्हेलमधील पॅडिंग्टन रिक्रिएशन ग्राउंड, उड्डाणपुलाखाली वसलेले वेस्टवे क्रीडा केंद्र ही त्यांपैकी काही नावे.

अशा सामन्यांत संघ अपुरा पडणे ही नित्याचीच बाब आहे. दहा जणांपैकी एकाला कार्यालयातून निघण्यास उशीर होतो, दुसऱ्याचा घोटा दुखावलेला असतो. संयोजक आयत्या वेळी माणूस शोधत असतो आणि तीच नव्या खेळाडूची संधी असते. एकट्या खेळाडूला अनोळखी लोकांच्या सामन्यात जागा मिळवून देणारी मोबाइल अ‍ॅप्सही आहेत. लंडनमध्ये सुरू झालेले 'फुटी अ‍ॅडिक्ट्स' हे त्यांपैकी एक. आपला भाग आणि खेळाचा दर्जा निवडून, ठरलेली रक्कम भरून नाव नोंदवायचे आणि वेळेवर पोहोचायचे, एवढेच करावे लागते. एका सामन्यास माणशी साधारण पाच ते बारा पौंड पडतात. जागा आणि वेळेनुसार दर बदलतात. गोलरक्षक होण्याची तयारी असल्यास बऱ्याचदा शुल्कात सवलत मिळते, कारण जगात सर्वत्र दुर्मीळ असलेला हा प्राणी लंडनमध्येही दुर्मीळच आहे.

पहिल्या सामन्यात आपले कसब दाखविण्यापेक्षा वेळेवर येणे, पैसे न मागता देणे आणि शेवटपर्यंत धावणे यांची दखल अधिक घेतली जाते. तसे वागणाऱ्याला पुढील आठवड्याचे निमंत्रण बहुधा त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर येते. याउलट, नाव देऊन आयत्या वेळी गैरहजर राहिलेल्यास पुन्हा कोणी बोलावत नाही. नऊ जणांचा सामना त्याने बिघडवलेला असतो.

संघात प्रवेश आणि लीगचा हंगाम

अकरा जणांच्या नोंदणीकृत सामन्यांची ओढ असल्यास क्लब शोधावा लागतो. हंगाम साधारणतः सप्टेंबर ते एप्रिल-मे असा चालतो. जुलै-ऑगस्टमध्ये क्लब सराव सुरू करतात आणि नवे खेळाडू पाहतात. चौकशीसाठी हाच काळ उत्तम. तेव्हा चुकामूक झाली, तरी निराश होऊ नये. दुखापती आणि नोकरीतील बदल्यांमुळे नाताळानंतर अनेक संघांना माणसांची उणीव भासते. त्या वेळी केलेली चौकशी सहसा वाया जात नाही.

लंडन, मिडलसेक्स, सरे, एसेक्स, केंट आणि हर्टफर्डशर या काउंटी संघटनांच्या कक्षा महानगरात येऊन मिळतात. आपल्या भागातील लीग कोणत्या संघटनेशी संलग्न आहे, हे पाहून तेथील क्लबच्या सचिवाशी संपर्क साधावा. पत्रात आपले वय, खेळण्याचे स्थान, पूर्वीचा अनुभव आणि कोणत्या दिवशी उपलब्ध आहोत, एवढेच लिहावे. दर्जा फुगवून सांगू नये. बहुतेक क्लबचे दोन-तीन किंवा त्याहून अधिक संघ असतात आणि सरावाच्या पहिल्या संध्याकाळीच खरे काय ते समजते. तिसऱ्या संघात नियमित खेळणे हे पहिल्या संघाच्या राखीव बाकावर बसण्यापेक्षा केव्हाही सुखाचे.

विद्यार्थ्यांना विद्यापीठाचा मार्ग खुला असतो. वर्षारंभीच्या स्वागत सप्ताहात क्रीडा मंडळे नावे नोंदवून घेतात आणि निवड चाचण्या लगेचच उरकतात. विद्यापीठांमधील अधिकृत सामने प्रामुख्याने बुधवारी दुपारी होतात. मुख्य संघात स्थान न मिळाल्यास विभागांच्या वा वसतिगृहांच्या अंतर्गत स्पर्धांची चौकशी करावी.

नोंदणी, व्हिसा आणि विमा

येथे दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्यांविषयी नवागतांना सहसा कोणी सांगत नाही.

पहिली गोष्ट आंतरराष्ट्रीय हस्तांतरणाची. भारतात वा अन्य देशात राष्ट्रीय महासंघाकडे ज्याची खेळाडू म्हणून नोंदणी झाली आहे, त्याला इंग्लंडमधील संलग्न अकरा जणांच्या स्पर्धेत उतरण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय हस्तांतरण प्रमाणपत्र लागते. नियम केवळ नामवंत व्यावसायिकांसाठी नसून हौशी खेळाडूंनाही लागू आहे. अर्ज क्लबमार्फत होतो आणि त्यास वेळ लागू शकतो. अशी मंजुरी नसताना खेळाडू उतरविल्यास क्लबवर कारवाई होऊ शकते. म्हणून पूर्वीची नोंदणी सचिवाला पहिल्याच भेटीत सांगावी. ओळखीच्या लोकांत चालणाऱ्या पाच जणांच्या मैत्रीपूर्ण सामन्यांना ही भानगड नसते.

दुसरी गोष्ट व्हिसाची. विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक खेळाडू वा क्रीडा प्रशिक्षक म्हणून काम करण्यास मनाई आहे. स्वतःच्या आनंदासाठी हौशी फुटबॉल खेळण्यास अडथळा नाही. तथापि, इंग्लंडमधील अर्धव्यावसायिक क्लब सामन्यागणिक थोडीफार रक्कम देतात आणि बऱ्यापैकी खेळणाऱ्या विद्यार्थ्याला तसा प्रस्ताव येऊ शकतो. तो स्वीकारण्यापूर्वी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाचा सल्ला अवश्य घ्यावा. काही पौंडांसाठी शिक्षण धोक्यात घालणे शहाणपणाचे नव्हे. नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनीही आपल्या अटी तपासून पाहाव्यात.

संलग्न क्लबना आपल्या खेळाडूंसाठी अपघात विमा घ्यावा लागतो. त्यातून नेमके काय मिळते, हे सचिवाकडून समजून घ्यावे. भाड्याच्या मैदानावरील मैत्रीपूर्ण सामन्यात अशी सोय असेलच असे नाही. पाय मोडून सहा आठवडे घरी बसावे लागल्यास पगाराचे काय, हा प्रश्न तासावारी काम करणाऱ्याने खेळण्याआधीच स्वतःला विचारलेला बरा.

ऋतू, बूट आणि शिस्त

मुंबईत पाऊस पडू लागला की फुटबॉलला रंग चढतो. लंडनमध्ये हा हिवाळी खेळ आहे. डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो, त्यामुळे प्रकाशझोत नसलेल्या मैदानावरील सामने सकाळी वा दुपारी लवकर उरकावे लागतात. गवताखाली पाणी साचल्यास किंवा जमीन गोठल्यास सामना रद्द होतो. तशी सूचना कधी कधी सकाळीच येते, म्हणून घराबाहेर पडण्यापूर्वी संदेश पाहावा. जून-जुलैत मात्र रात्री नऊनंतरही उजेड असतो आणि उद्यानांतील उत्स्फूर्त खेळाला तोच काळ सर्वाधिक अनुकूल. फक्त गवती मैदानांची डागडुजी त्याच सुमारास होत असल्याने गोलखांब काढून ठेवलेले असतात.

बुटांच्या बाबतीत एकाच जोडीवर भागत नाही. ओल्या गवतावर लांब खिळ्यांचे, कृत्रिम हिरवळीवर आखूड रबरी खिळ्यांचे आणि डांबरी मैदानावर सपाट तळाचे बूट लागतात. धातूच्या खिळ्यांना कृत्रिम मैदानांवर सामान्यतः बंदी असते. नडगीचे संरक्षक कवच नियमानुसार सक्तीचे असून त्याविना पंच मैदानात येऊ देत नाहीत. सामन्यानंतर अंगावर चढविण्यासाठी जाड कोरडे कपडे न विसरता न्यावेत. घामेजलेल्या अंगाला लागणारा जानेवारीतील वारा आपल्याकडच्या थंडीहून फार निराळा असतो.

हौशी सामन्यांतही शिस्तीचे नियम कडक आहेत. पंचांशी हुज्जत घालणाऱ्यास १० मिनिटे मैदानाबाहेर बसविण्याची तरतूद २०१९-२० च्या हंगामापासून लागू झाली. पिवळ्या वा लाल कार्डासाठी दंड भरावा लागतो आणि क्लब तो बहुधा खेळाडूकडूनच वसूल करतो. वर्णद्वेषी वा अपमानास्पद शेरेबाजी झाल्यास ती मुकाट्याने सोसू नये. पंचांना तेथेच सांगावे आणि काउंटी संघटनेकडे तक्रार नोंदवावी. १९९३ मध्ये सुरू झालेली 'किक इट आउट' ही संस्थाही अशा तक्रारी स्वीकारते.

महिला, ज्येष्ठ आणि इतरांसाठी

फुटबॉल असोसिएशनने १९२१ मध्ये आपल्या सदस्य क्लबच्या मैदानांवर महिलांचे सामने बंद केले आणि ती बंदी सुमारे अर्धशतक टिकली. त्यामुळे महिलांच्या क्लबची परंपरा तुलनेने नवी आहे. ३१ जुलै २०२२ रोजी वेम्बलीवर इंग्लंडच्या महिलांनी जर्मनीस २-१ असे नमवून युरोपीय विजेतेपद पटकाविले आणि या खेळाकडे मुलींचा ओढा आणखी वाढला. ग्रेटर लंडन विमेन्स फुटबॉल लीगमध्ये विविध दर्जाचे संघ खेळतात. पूर्वी कधीच न खेळलेल्या स्त्रियांसाठी सराववर्ग घेणारे क्लबही आहेत, उदाहरणार्थ २०१५ मध्ये निघालेला गोल डिगर्स. समलिंगी खेळाडूंचा स्टोनवॉल हा क्लब १९९१ पासून लंडनमध्ये कार्यरत आहे. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी धावण्यास मनाई असलेला 'वॉकिंग फुटबॉल' खेळला जातो. मुलाबाळांकडे काही महिने राहावयास गेलेल्या आईवडिलांनीही त्याची चौकशी करण्यास हरकत नाही.

मैदान टिकले तर खेळ

लंडनमध्ये जमिनीला सोन्याचा भाव आहे. तरीही ही माळराने मोकळी राहिली, याचे कारण एकोणिसाव्या शतकापासून नागरिकांनी त्यांसाठी दिलेले लढे आणि त्यातून झालेले कायदे. क्रीडांगणांच्या रक्षणासाठी १९२५ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था आज 'फील्ड्स इन ट्रस्ट' या नावाने काम करते. तरीही दबाव संपलेला नाही. २०१२ च्या ऑलिंपिकसाठी हॅकनीतील ईस्ट मार्श हे मैदान बसगाड्यांच्या वाहनतळासाठी घेतले गेले, तेव्हा स्थानिक खेळाडूंनी मोठी नाराजी व्यक्त केली होती. मैदानावर खेळून जाणाऱ्या पाहुण्याने निदान कचरा उचलावा, गोलजाळी सोडवून जागेवर ठेवावी आणि ठरलेल्या वेळी जागा रिकामी करावी, अशी अपेक्षा त्यामुळेच असते.

नव्याने जाणाऱ्याने क्रम असा ठेवावा : पहिल्या पंधरवड्यात घराजवळचे उद्यान पाहून घ्यावे, त्यानंतर एकट्याने नाव नोंदवून पाच जणांचे दोन-तीन सामने खेळावेत, त्यातून झालेल्या ओळखीने एखाद्या साप्ताहिक गटात शिरावे आणि पुढील हंगामात क्लबचा विचार करावा. परक्या शहरात कार्यालयातील सहकारी कामापुरते बोलतात, शेजारी दार लावून घेतात. मैदानावर मात्र चेंडू देण्यासाठी का होईना, समोरच्याला आपले नाव विचारावेच लागते. लंडनमधील पहिल्या हिवाळ्याचा एकटेपणा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना या विचारपुशीचे मोल वेगळे सांगावयास नको.